पावसाळा, पूर आणि परसातल्या कोंबड्या: मृगाच्या आधीपासून पाणी ओसरल्यानंतरपर्यंत

परसात आठ-दहा गावठी कोंबड्या असलेल्या घरात पावसाळ्यातलं दुखणं बहुतेक वेळा खुराड्याच्या जमिनीपासून सुरू होतं. कोंबडी थंडी बऱ्यापैकी सोसते, पण पायाखालची ओल तिला सोसत नाही. ओल्या तुसात जंत वाढतात, रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, बुरशी धरते आणि विष्ठेतून अमोनियाचा उग्र वास सुटून डोळे आणि श्वासनलिका चुरचुरायला लागतात. पुराच्या पाण्यात कोंबड्या वाहून जातात ते सगळ्यांना दिसतं. पाणी उतरल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एकेक कोंबडी पेंगत जाते, त्याकडे मात्र लक्ष जात नाही. या लेखाचा मोठा भाग त्या ओलीवर आहे.

पाणी कुठलं आहे यावरही तयारी ठरते. कोकणातलं पाणी घाईचं असतं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठी आणि महाडला सावित्री एका रात्रीत घरात शिरली. तिथे विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून खुराडं आधीपासूनच उंचावर हवं. कृष्णा-पंचगंगेकाठचं पाणी हळू चढतं, पण ठाण मांडून बसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या गावांनी ते अनुभवलं आहे. इथे कोंबड्या हलवायला वेळ मिळतो, मात्र पुढचे आठ-दहा दिवस त्यांना कुठे ठेवायचं आणि काय खायला घालायचं याची सोय लागते. तुमच्या गावात कुठलं पाणी येतं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९८९, २००५, २०१९, २०२१ यांपैकी कुठल्या साली पाणी कुठल्या भिंतीला लागलं होतं, ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्या खुणेच्या वर खुराडं असलं पाहिजे.

मृगाच्या आधी: खुराडं

हे काम मे महिन्यातच उरकायचं. जूनमध्ये बांबू भिजलेला असतो, सुतार मिळत नाही आणि कोंबड्यांना तात्पुरतं ठेवायला दुसरी कोरडी जागाही उरत नाही.

परसातला जो कोपरा पावसात सगळ्यात आधी सुकतो तो निवडा. विहिरीच्या, मोरीच्या आणि उकिरड्याच्या उताराला खुराडं नको. जमिनीवरचंच खुराडं ठेवायचं असेल तर मुरूम किंवा जांभ्याचे तुकडे टाकून निदान दीड फूट जोतं उचला आणि भोवती वीतभर खोल चर खणून तो उताराकडे काढून द्या. पूररेषेच्या आसपास राहत असाल तर हे पुरणार नाही. तिथे खांबांवरचं खुराडंच करा. तीन-चार फूट उंच खांब, त्यांवर बांबूच्या कामट्यांची किंवा लाकडी रिपांची जमीन, दोन कामट्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट. विष्ठा खाली पडते, खालून वारा खेळतो आणि अंगणात गुडघाभर पाणी आलं तरी कोंबड्या कोरड्या राहतात. खांबांच्या पायथ्याला डांबर लावलं की वाळवी लागत नाही. पिल्लांसाठी मात्र कामट्यांची जमीन नको, त्यांचे पाय फटीत अडकतात. त्यांच्या कप्प्यात फळी टाकून वर तूस पसरा.

जागेचा हिशेब पावसाळ्यासाठी वेगळा करावा लागतो. एरवी कोंबडी खुराड्यात फक्त रात्री असते, म्हणून एकीला दोन चौरस फूट चालतात. झड लागली की त्याच कोंबड्या चार-चार दिवस आत कोंडल्या जातात. मग एकीला निदान चार चौरस फूट हवेत, नाहीतर त्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात आणि तूस दोन दिवसांत चिखल होतं. मोठं खुराडं परवडत नसेल तर लागूनच पत्र्याची किंवा झापांची एक पडवी काढा आणि तिला जाळी लावा. दहा कोंबड्यांना पाच फूट बाय चार फुटांचं खुराडं आणि तेवढीच पडवी पुरते. पावसाळ्यासाठी पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते या पडवीवर करा.

छपराची वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट आली पाहिजे. पागोळ्यांचं पाणी खुराड्याच्या पायथ्याशी पडून उडतं आणि तळापासून ओल चढते. पन्हळ लावली तर उत्तमच. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजू झापांनी, पत्र्याने किंवा ताडपत्रीने बंद करा आणि दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा.

चारही बाजू ताडपत्रीने गच्च गुंडाळणं मात्र घातक आहे. घरोघरी हे मायेपोटीच केलं जातं, पण आतली वाफ आणि अमोनिया आतच कोंडतात आणि कोंबड्यांना सर्दी धरते. सगळ्या बाजूंनी छपराखाली वीतभर उघडी जाळी राहू द्या. हवा पुरते का हे तपासायला सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली वाका आणि कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांनी रात्रभर ते सोसलेलं आहे.

बसायला आडव्या काठ्या हव्यात, दोन इंच रुंद, कडा तासून गोल केलेल्या. एका कोंबडीला आठ-दहा इंच धरा. ओल्या जमिनीवर रात्र काढणाऱ्या कोंबडीचे तळवे मऊ पडतात, त्यांना चीर जाते आणि मग तळव्यात टणक गाठ होते. काठीवर बसणारीला हा त्रास कमी.

जंताचं औषध आणि लसी

क्रम असा ठेवा: एप्रिलच्या अखेरीस जंताचं औषध, त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी लस. जंतांनी पोखरलेल्या कोंबडीच्या अंगी लस नीट लागत नाही. लस दिल्यावर ताकद यायला पुढे दोन आठवडे जातात, म्हणजे मेच्या मध्याला लस झाली तर मृगापर्यंत कोंबडी तयार होते.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा सगळ्यात मोठा शत्रू. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-वन लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला लासोटाची पुन्हा मात्रा आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बीचं इंजेक्शन. अंड्यावर आलेल्या कोंबडीला आर-टू-बी दिली तर अंडी तुटतात, तिच्यासाठी लासोटा बरी. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांना पंखाच्या पातळ कातडीत टोचून देतात. डास देवी पसरवतात, त्यामुळे ही लस पावसाळ्याआधीच झालेली बरी.

अडचण अशी की लसीची एक कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते. पाण्यात मिसळली की ती दोन तासांत संपवावी लागते आणि दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडायला कोणी धजत नाही. उपाय एकच, अख्ख्या गल्लीने एक दिवस ठरवायचा. दहा-पंधरा घरांनी मिळून एक कुपी आणली, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली आणि कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडायच्या आत, पहाटेच काम आटोपलं, तर खर्चही वाटला जातो आणि शेजारच्या बिनलसीच्या कोंबडीतून रोग येण्याची धास्तीही कमी होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवडाभर आधी सांगून ठेवा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

झड लागल्यावर: तुसाची गादी

भाताचं तूस, कोरडा लाकडी भुसा किंवा बारीक तोडलेला कोरडा पेंढा, दोन-तीन इंच जाड पसरायचा. कोल्हापूर-कोकणात भाताच्या गिरणीत तूस स्वस्त मिळतं. चार-पाच पोती मेमध्येच भरून माळ्यावर टाका. जुलैत गिरणीतलं तूसही ओलसर असतं. बुरशीचा वास येणारा पेंढा कधीच घालू नका. त्यातल्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात जातात. पिल्लू चोच उघडून, आवाज न करता धापा टाकतं आणि त्यावर उपचार जवळपास नाहीच.

गादी कशी आहे हे मुठीने कळतं. मूठभर तूस घट्ट दाबा आणि हात उघडा. लाडू तसाच राहिला तर फार ओल आहे. थोडं चिकटून लगेच सुटलं तर ठीक. हे रोज सकाळी, पाण्याच्या भांड्याजवळ आणि दाराजवळ करून पाहायचं, कारण ओल तिथूनच पसरते.

रोजच का, याला कारण आहे. रक्ती हगवणीचा जंतू विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा तो लगेच रोग देऊ शकत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत तो पिकतो आणि मग दुसऱ्या कोंबडीच्या पोटात गेला की आजार सुरू होतो. ओला भाग तो पिकायच्या आत उचलला किंवा सुकवला तर साखळी तिथेच तुटते. आठवड्यातून एकदा सगळं खुराडं झाडून काढण्यापेक्षा रोज सूपभर ओलं तूस उचलणं कितीतरी कामाचं आहे.

क्रम साधा आहे. भिजलेलं तूस उचलून बाहेर काढा. ते खतात टाका, पण ढिगावर कोंबड्या जाणार नाहीत असं पाहा. उघड्या पडलेल्या जागी विझवलेल्या चुन्याची भुकटी हलकेच भुरभुरा आणि वर कोरडं तूस टाका. उरलेली गादी दाताळ्याने खालीवर करा. चुना भुरभुरताना कोंबड्या बाहेर काढा, तो डोळ्यांना भाजतो. कळीचा चुना तर मुळीच वापरू नका.

पाण्याचं भांडं गादीवर ठेवलं की अर्धी लढाई हरली. ते विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीइतकं वर ठेवा, म्हणजे ती मान उंचावून पिते आणि सांडत नाही. उघड्या परातीऐवजी उलटा डबा बसवलेलं भांडं वापरा. खाली एक जाळीचा तुकडा किंवा जुनी चाळण ठेवली तर सांडलेलं पाणी तुसात मुरत नाही.

पडवीच्या एका कोपऱ्यात चुलीतली थंड राख आणि कोरडी वाळू भरलेली जुनी पाटी ठेवा. एरवी कोंबडी मातीत लोळून उवा-गोचिडांचा बंदोबस्त स्वतःच करते. पावसात तिला कोरडी माती मिळत नाही आणि मग पंखाखाली, गुदाभोवती उवा माजतात. आठवड्यातून एकदा तरी रात्री बॅटरी घेऊन बसायच्या काठ्यांच्या फटी पाहा. रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा तिथे लपतात. फटींत उकळतं पाणी ओता आणि काठी सुकल्यावरच परत बसवा.

खाणं आणि पाणी

पावसाळ्यात चरायला मिळतं तसं दिसतं, पण कोंबड्या ओल्या गवतात फार फिरत नाहीत आणि ज्या फिरतात त्या गोगलगायी, गांडुळं, मुंग्या खाऊन त्यांच्यातले जंत घेतात. म्हणून या दिवसांत घरचं खाद्य वाढवा. दिवसभर कोंडलेली मोठी कोंबडी साधारण १०० ग्रॅम खाते. मक्याचा भरडा, ज्वारी, तांदळाची कणी, थोडी पेंड, अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा आणि दोरीला टांगलेला शेवग्याचा पाला किंवा कोबीची पानं. टांगलेला पाला उड्या मारून खाण्यात त्यांचा वेळ जातो आणि पिसं उपटणं थांबतं.

बुरशीबद्दल मात्र हयगय नको. मका आणि शेंगदाणा पेंड ओल लागली की हिरवट-काळी पडतात आणि त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृत खातं. उन्हात वाळवून, धुऊन, भाजून किंवा शिजवून ते जात नाही. बुरशीचा भाग काढून बाकीचं घालू, हा विचारही चुकीचा, कारण डोळ्याला दिसत नसलेली बुरशी शेजारच्या दाण्यांत असते. असं धान्य कोंबडीला, गुरांना, कोणालाच नको. फेकतानाही पुरून टाका. खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा, झाकणाच्या पिंपात भरा, पिंप फळीवर आणि भिंतीपासून दूर ठेवा.

पाणी उकळून गार केलेलं द्या. दहा कोंबड्यांना दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे चुलीवरचं एक पातेलं. क्लोरीनच्या थेंबांचं आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण एवढ्या थोड्या पाण्याला चुकायची शक्यता असते, म्हणून घरगुती कळपासाठी मला उकळणंच खात्रीचं वाटतं. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, कपड्याने गाळा आणि मग उकळा.

पाणी चढायला लागलं तर

पंचगंगेकाठी राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळे पाहतात: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. माणसं बहुधा धोक्याच्या पातळीला हलतात. कोंबड्या इशाऱ्यालाच हलवा. शेवटच्या तासाला तुमचे हात म्हाताऱ्या माणसांना, गुरांना आणि कागदपत्रांना लागणार आहेत. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की डालगी खाली काढायची, इतकं सोपं ठरवून टाका. कोकणात अशी सवड नाही. तिथे मोठ्या पावसाचा इशारा आणि त्यात अमावास्या-पौर्णिमेची भरती असेल तर संध्याकाळीच कोंबड्या माळ्यावर नेऊन झोपा.

कोंबड्या अंधार पडल्यावर पकडा, त्या वेळी त्या शांत असतात. बांबूचं डालगं किंवा भाजीचे प्लास्टिक क्रेट चांगले, कारण त्यांना सगळीकडून हवा लागते. वर पोतं टाका, प्लास्टिकचा कागद टाकू नका. पाय बांधून उलट्या लटकवून नेण्याची रीत सोडा. भिजलेली, घाबरलेली कोंबडी उलटी धरली की तिला श्वास घेणं जड जातं. पिल्लं वेगळ्या पाटीत, त्यांच्या आईबरोबर. कोंबडे दोन असतील तर वेगवेगळे. खुडूक कोंबडी रवणावर असेल तर अंड्यांचा मोह सोडावा लागतो. हलवताना ती थंड होतात आणि कोंबडी नव्या जागी बहुधा बसत नाही.

सोबत न्यायची पिशवी आधीच भरून ठेवा: दहा दिवसांचं खाद्य (दहा कोंबड्यांना दहा किलो), पाण्याचं भांडं, दोन पोती तूस, जुनी पोती, क्षारांची पुडी किंवा गूळ, हातमोजे, बॅटरी. हलवणं अगदीच अशक्य झालं तर खुराड्याचं आणि पडवीचं दार उघडं टाका. कोंबडी पोहू शकत नाही, पण झाडावर किंवा कौलावर उडी मारू शकते. बंद खुराड्यात तिला तीही संधी मिळत नाही.

भिजून गारठलेली कोंबडी डोळे मिटून, पंख टाकून बसते आणि तिचे पाय हाताला थंड लागतात. तिला आधी कपड्याने टिपून कोरडं करा. मग खोक्यात पोतं घालून, शेजारी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा. वीज असेल तर ६० वॅटचा बल्ब दीड फुटावरून चालतो, पण ओल्या हातांनी आणि उघड्या वायरने हे उद्योग नकोत. बंद खोलीत शेगडीही नको. तिने स्वतःहून मान धरली की कोमट गूळपाणी पुढे ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

निवाऱ्यात, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात किंवा पाहुण्यांच्या गोठ्यात, दहा घरच्या कोंबड्या एकत्र येतात आणि तिथे मानमोडी पसरायला वेळ लागत नाही. तुमच्या कोंबड्यांचं भांडं, खाद्य आणि जागा वेगळी ठेवा. दुसऱ्याच्या आजारी कोंबडीला हात लावला तर साबणाने हात धुऊनच आपल्या कोंबड्यांकडे या.

पाणी ओसरल्यावर

कोंबड्या लगेच परत आणायची घाई करू नका. परसात गाळ आहे, गटाराचं पाणी येऊन गेलंय, कुठे मेलेला उंदीर, कुठे मासे. मेलेल्या जनावरातल्या अळ्या कोंबडी आवडीने खाते आणि त्यांतून तिला बोटुलिझमची विषबाधा होते. आधी पाय लुळे, मग पंख, शेवटी मान जमिनीला टेकते आणि ओढली तर पिसं सहज निघतात. आणखी एक गोष्ट शोधून उचला: वाहून आलेलं रंगीत बियाणं. ते कीटकनाशक किंवा बुरशीनाशक लावलेलं असतं.

खुराड्यात हात घालायच्या आधी काठीने ठोकून पाहा. पुरात नाग, घोणस, कोकणात फुरसं अशीच कोरडी जागा शोधत येतात. पायात गमबूट, हातात मोजे, अंगावर जखम असेल तर ती झाकलेली. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका माणसाला या गाळातूनच असतो. काम झाल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर आरोग्य केंद्रात जाऊन पुराच्या गाळात काम केल्याचं आवर्जून सांगा.

साफसफाईचा क्रम बदलू नका:

१. भिजलेलं सगळं तूस, पोती, पेंढा बाहेर काढा. यातलं काही वाळवून परत वापरायचं नाही.

२. गाळ फावड्याने खरवडा. मातीची जमीन असेल तर वरची दोन-तीन इंच माती काढून नवा मुरूम टाका आणि चोपा.

३. भिंती, काठ्या, भांडी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ब्रशने घासा.

४. पूर्ण निथळल्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, एक लिटरला ३० ग्रॅम. पावडर ताजी हवी, उघडी राहिलेली पावडर निकामी होते. नाकाला फडकं बांधा आणि यात संडास धुण्याचं आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

५. दोन-तीन दिवस उघडं ठेवून वाळवा. ऊन नसेल तर जास्त.

६. चुन्याची सफेदी मारा, ती वाळल्यावर नवं तूस घाला आणि मगच कोंबड्या आणा.

गाळावर ब्लीचिंग शिंपडून समाधान मानण्याचा प्रकार पुरानंतर गावोगाव दिसतो. चिखलात त्या औषधाची ताकद तिथल्या तिथे संपते, म्हणून घासणं आधी. रक्ती हगवणीच्या जंतूला तर ब्लीचिंगही फारसं मारत नाही, तो उष्णतेने आणि कोरडेपणाने मरतो. सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या खुराड्यात उकळतं पाणी ओता. ज्यांच्याकडे फ्लेम गन (आगीचा झोत सोडणारं यंत्र) आहे त्यांनी ती जमिनीवरून आणि जाळीवरून फिरवावी.

कोंबड्यांना मोकळं सोडणं परसातला गाळ वाळून भेगा पडेपर्यंत आणि नवं गवत येईपर्यंत थांबवा. तोवर पडवीतच. पुराचं पाणी लागलेली अंडी आणि भिजलेलं खाद्य पुरून टाका. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, धुतल्याने आतली घाण जात नाही.

रोज सकाळी काय पाहायचं

पुढचे तीन आठवडे दार उघडताना दोन मिनिटं नुसतं उभं राहा. कोण शेवटी उतरतं, कोण खायला येत नाही, कोणाची पिसं फुगलेली आहेत. मग काठीखालची विष्ठा पाहा.

विष्ठेत रक्त किंवा चॉकलेटी चिकट आव, पिल्लू कुबड काढून बसलेलं, तुरा पांढुरका: ही रक्ती हगवण. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं हिला लगेच बळी पडतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम पिण्याच्या पाण्यातून पाच ते सात दिवस देतात, मात्रा पाकिटावरची. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवू नका आणि बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिकही नको. हे औषध जंतूला बी-वन जीवनसत्त्व मिळू देत नाही म्हणून लागू पडतं, टॉनिकने त्याचाच परिणाम कमी होतो. आणि औषध चालू असताना गादी ओलीच राहिली तर महिनाभरात पुन्हा तेच.

हिरवट-पांढरी पातळ हगवण, घरघर, मान पिळवटणं, दोन दिवसांत तीन-चार मेल्या: मानमोडी धरून चाला. एक क्षणही न दवडता बाकीच्या वेगळ्या करा. आजारी कोंबडी बाजारात विकू नका, शेजारी वाटू नका, नदीत टाकू नका. रोग गावभर होतो तो याच तीन रस्त्यांनी.

चेहरा एका बाजूने सुजलेला, नाकातून घाण वास: कोरायझा. कोंबडी काल धडधाकट होती आणि आज मेली, तुरा जांभळा: कॉलराची शंका. हे दोन्ही जिवाणूंचे रोग आहेत, त्यांवर प्रतिजैविक चालतं, पण कुठलं ते डॉक्टरांनी ठरवायचं. माणसासाठी आणलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणं थांबवा. आणि औषध चालू असेपर्यंत व डॉक्टर सांगतील तितके पुढचे दिवस अंडी खाऊ नका.

तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या आल्या तर देवी. आसपासची साचलेली डबकी, टायर, करवंट्या रिकाम्या करा. खपल्या ओढून काढू नका. बहुतेक मोठ्या कोंबड्या यातून उठतात, फक्त डोळे बंद झालेल्या कोंबडीला हाताने खाऊ घालावं लागतं.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा आसपास कावळे-बदकंही मरताना दिसली, तर मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हापासून अशा मरणाची तपासणी होते आणि ती होणं तुमच्याच घरातल्या माणसांसाठी गरजेचं आहे.

मेलेल्या कोंबड्या आणि पंचनामा

पुरात मेलेल्या कोंबड्या पुरायच्या आधी फोटो काढा, संख्या दिसेल असा, आणि मागे घर किंवा खुराडं दिसेल असा. मग तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. आपत्ती मदतीच्या २०२२ नंतरच्या निकषांत कोंबडीमागे १०० रुपये आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रुपये अशी तरतूद आहे. पंचनाम्यात नोंद नसेल तर काहीच मिळत नाही आणि परसातल्या कोंबड्यांची नोंद करायचं बायकांनी सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. गुरांची यादी होत असतानाच त्यांचाही आकडा लिहून घ्या. कुजायला लागलेल्या कोंबड्या पंचनाम्याची वाट पाहत ठेवू नका. फोटो, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, आणि पुरून टाका: तीन-चार फूट खोल, वर चुना, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, कुत्री उकरणार नाहीत अशी माती दाबून.

नवी पिल्लं किंवा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणायच्या असतील तर पाऊस पूर्ण उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला आणा. पुरानंतर लगेच फिरत्या टेम्पोतून स्वस्तात विकायला येणाऱ्या पिल्लांपासून लांब राहा, कुठली लस झाली हे सांगायला तिथे कोणी नसतं. नव्या कोंबड्या तीन आठवडे परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आधी जुन्या कोंबड्यांना खाऊ घाला, मग नव्यांकडे जा आणि दोन्हीकडे वेगळी चप्पल वापरा.